मॅफ सेन्सर खरंच संपलाय का? बूस्ट वाढवलेल्या गाडीतली एक नेहमीची तक्रार

टर्बो किंवा सुपरचार्जरवाल्या गाडीचं बूस्ट (इंजिनात हवा कोंबणारा जादा दाब) वाढवलं, दोन महिने मजेत गेले, आणि आता वरच्या आरपीएमला गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. कुणीतरी लॉग (चालत्या गाडीचे टिपलेले आकडे) बघून सांगतं, "मॅफ मॅक्स झालाय, मोठा टाक." मॅफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर. अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. काहींचा सेन्सर खरंच संपलेला होता. बाकीच्यांत दुखणं भलतीकडेच होतं, आणि मोठा सेन्सर टाकल्याने ते फक्त झाकलं गेलं असतं.

लक्षणं आधी नीट जुळवून बघा

पेडल पूर्ण दाबलं की मधल्या आरपीएमपर्यंत गाडी मस्त खेचते आणि वर ओढ एकदम सपाट होते. लॉगमध्ये आरपीएम चढत असतं, बूस्ट जागेवर असतं, पण हवेचा आकडा एका जागी गोठतो: २६२.४, २६२.४, २६२.४, ओळीमागून ओळ तेच. त्याच ओळींमध्ये वाइडबँडवरचा (एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरचा) लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (आकडा वाढला की पेट्रोल कमी), ०.८० वरून हळूहळू ०.८८, ०.९० कडे सरकतो आणि शेवटच्या हजार आरपीएममध्ये नॉकमुळे (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खडखडीमुळे) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचलेलं दिसतं. चेक इंजिनचा दिवा लागला तर बहुतेक वेळा कोड पी०१०३ असतो, म्हणजे सेन्सरचा सिग्नल कमाल हद्दीच्या वर गेला.

दोन खुणा लोक सहसा सांगत नाहीत, मला विचारून काढाव्या लागतात. एक, त्रास थंड हवेत होतो आणि कडक उन्हात होत नाही. मॅफ हवेचं वस्तुमान मोजतो. ५ अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के घट्ट असते, त्यामुळे काठावर असलेला सेन्सर थंडीत आधी गळाठतो. दुसरी, त्रास दुसऱ्या गिअरला नसतो, तिसऱ्या-चौथ्याला असतो, कारण तिथे टर्बोला पूर्ण बूस्ट भरायला वेळ मिळतो.

भिंतीवर आपटल्यासारखं इंजिन एका क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर तो बहुधा ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) मुद्दाम केलेला फ्यूएल कट आहे. बूस्ट किंवा लोड (इंजिन किती हवेने भरतंय तो आकडा) ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की तो लागतो. त्याची चौकशी वेगळी. आयडलला आरपीएम वर-खाली होत असेल तर सेन्सरच्या वरच्या मर्यादेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे का होतं, थोडक्यात

आजच्या बहुतेक मॅफमध्ये एक तापवलेला घटक असतो. हवा त्याला थंड करते, सर्किट त्याचं तापमान टिकवायला करंट वाढवतं आणि त्या करंटवरून सिग्नल बनतो. सिग्नल व्होल्टेजचा असेल तर छत ५ व्होल्टचं. आलेख सरळ रेषेत नसतो, वर जाता जाता वाकतो. ३०० ग्रॅम प्रति सेकंदाला ५ व्होल्ट देणारा सेन्सर घेऊन ढोबळ गणित केलं, तर २.० ते २.२ व्होल्टच्या टप्प्यात जेमतेम ३ ग्रॅम हवा बसते, आणि ४.८ ते ५.० च्या टप्प्यात ४५ ग्रॅमच्या वर. म्हणजे छताला टेकायच्या आधीच सेन्सरची नजर अधू झालेली असते. म्हणून लॉगमध्ये ४.८ दिसलं की मी "अजून जागा आहे" असं म्हणत नाही.

छताला टेकल्यावर खरा घोळ सुरू होतो, आणि तो फक्त इंधनाचा नसतो. समजा सेन्सर २५० ला अडकला आणि इंजिनात खरी हवा २८० जातेय. ईसीयू २५० च्या हिशोबाने लॅम्डा ०.८० साठी सेकंदाला साधारण २१.३ ग्रॅम पेट्रोल देणार. २८० ग्रॅम हवेला ते पेट्रोल म्हणजे लॅम्डा जवळजवळ ०.९०. हे लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. पण ईसीयू लोडसुद्धा त्याच आकड्यावरून काढतो. लोड कमी दिसलं की तो टायमिंगच्या टेबलातला हलक्या लोडचा रकाना उचलतो, म्हणजे ठिणगी आधी टाकतो. मिश्रण लीन आणि टायमिंग पुढे, दोन्ही एकाच वेळी, तेही सर्वांत जास्त बूस्टवर. पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते ती अशा वेळी. असा एक पिस्टन मी ट्रेमध्ये ठेवलेला पाहिलाय. वरचा भाग अगदी स्वच्छ, आणि बाजूला नखाएवढा तुकडा गायब.

पहिली तपासणी फुकटात होते: लॉग

एकाच लॉगमध्ये हे हवं: आरपीएम, मॅफचे ग्रॅम प्रति सेकंद, मॅफचं व्होल्टेज (डिजिटल सेन्सर असेल तर हर्ट्झ), बूस्ट, टायमिंग, नॉक रिटार्ड (नॉकमुळे टायमिंग किती मागे खेचलं), फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती), वाइडबँड आणि जमलं तर इंजेक्टरचा ड्यूटी (तो किती टक्के वेळ उघडा राहतो). पूर्ण पेडलचा लॉग डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवरच घ्या. रस्त्यावर एका हाताने लॅपटॉप सांभाळत हे उद्योग करायचे नाहीत.

लॉगचं वाचन असं. व्होल्टेजही सपाट आणि ग्रॅमही सपाट, वर लॅम्डा लीनकडे जातोय: सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. व्होल्टेज ४.५ वरून ४.७ ला चढतंय पण ग्रॅम गोठलेत: सेन्सर ठीक आहे, ईसीयूचं टेबल (व्होल्टेजवरून ग्रॅम काढायचा तक्ता) किंवा आकडा ठेवायची त्याची क्षमता संपलीय. ग्रॅम सपाट नाहीतच, छान चढतायत, तरी लीन: मग इंधन, प्लग, घाणेरडा सेन्सर किंवा सेन्सर आणि टर्बोच्या मधली गळती बघा. हा तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो आणि मोठा सेन्सर टाकून त्यात काडीचाही फरक पडत नाही. काही गाड्या पूर्ण पेडललाही लॅम्डा सेन्सरच्या भरवशावर इंधन सावरतात. तिथे लॅम्डा बरोबर दिसेल आणि चोर ट्रिममध्ये लपलेला असेल.

कागदावरचं गणित

हे कुणी करत नाही, आणि दोन मिनिटांत निम्मं उत्तर यातून मिळतं. इंजिनचे लिटर गुणिले आरपीएम भागिले १२० केलं की सेकंदाला किती लिटर हवा ओढली जाते ते कळतं. २.० लिटरचं इंजिन ६५०० ला चालत असेल तर १०८ लिटर. त्याला मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) हवेच्या घनतेने गुणायचं. १ बार बूस्ट, म्हणजे एकूण दाब २ बार, आणि इंटरकूलरनंतरचं (टर्बोची तापलेली हवा गार झाल्यावरचं) तापमान ४० अंश धरलं तर लिटरमागे २.२ ग्रॅमच्या थोडं वर. इंजिन कधी शंभर टक्के भरत नाही, म्हणून ०.९५ ने गुणा. उत्तर येतं सुमारे २३० ग्रॅम प्रति सेकंद.

आता वरचा २६२ चा आकडा आठवा. तो आकडा तेवढा एका मित्राच्या गाडीचा. २.० लिटर, १ बार बूस्ट, आणि मॅफ ५८०० लाच ४.९८ व्होल्टवर टेकलेला. माझ्या गणिताने ५८०० ला २०५ च्या आसपास हवा जायला हवी होती. उरलेले ५७ ग्रॅम कुठे जात होते? मोठा सेन्सर त्याने आधीच मागवला होता. मी म्हटलं, डबा उघडू नकोस, परत करता येईल.

गणितापेक्षा मॅफ बराच जास्त दाखवत असेल, तर हवा मोजली जातेय पण इंजिनपर्यंत पोचत नाहीये. थेट गळतीकडे वळा. गणित आणि मॅफ जुळत असतील आणि दोन्ही छताला टेकलेले असतील, तरच सेन्सर संपला असं म्हणता येईल. आणि गणितापेक्षा मॅफ कमी दाखवत असेल तर तो घाणीने माखलाय, किंवा हवा त्याला बगल देऊन आत शिरतेय.

फिल्टर, सेन्सरचा घटक, प्लग

एअर फिल्टर काढून प्रकाशासमोर धरा. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर सेन्सरच्या घटकावर तेलाचा थर बसलाय का ते बघा. थरामुळे घटक हवेपासून झाकला जातो आणि जास्त प्रवाहाला सेन्सर कमी दाखवतो. साफ करायला मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, हात किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय इग्निशन चालू करू नका. कार्ब्युरेटरच्या क्लीनरने मी एकदा एक सेन्सर घालवलाय. वीस सेकंदांची घाई.

सेन्सरच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. "हवा अडते" म्हणून ती काढून टाकलेली असेल, तर परत बसवा. ती हवा सरळ करते. वळणाऱ्या नळीतून गिरक्या घेत आलेली हवा सेन्सर चुकीची मोजतो, आणि चूक प्रत्येक आरपीएमला वेगळी असते, त्यामुळे टेबलाने ती सुधारताही येत नाही.

प्लगचा या सगळ्याशी काय संबंध, असा प्रश्न येतोच. बूस्ट वाढलं की ठिणगीला जास्त दाबात उडी मारावी लागते. गॅप मोठा असला तर ती विझते, मिश्रण जळत नाही आणि न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. वाइडबँड ऑक्सिजनच मोजतो, त्यामुळे तो सांगतो "लीन". इंधन बरोबर असूनही! लोक मग पेट्रोल वाढवत बसतात आणि मिसिंग आणखी वाढतं. बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत ०.७ मिलिमीटरच्या आसपासचा गॅप सर्रास ठेवतात. तुमच्या इंजिनाचा आकडा शोधून गॅप मोजा, अंदाजाने ठरवू नका.

गळतीची चाचणी

आधी इंजिन गार असताना प्रत्येक होज हाताने पिळून आणि क्लॅम्प फिरवून बघा. जोडावर तेलाचा ओलसर डाग दिसला तर तिथून बूस्ट निसटतंय, असं मी जवळजवळ धरूनच चालतो.

मग दाबाची चाचणी. टर्बोच्या इनलेटला टोपण लावून रेग्युलेटरमधून कॉम्प्रेसरची हवा भरायची, हळूहळू, गाडी जितक्या बूस्टवर चालते तितकीच, आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. क्रँककेसची श्वासनळी इनलेटला जोडलेली असेल तर ती आधी वेगळी करून बंद करा, नाहीतर दाब ऑइल सीलवर जातो. आणि टोपणाच्या समोर उभे राहू नका, सुटलं तर ते गोळीसारखं येतं. उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी फुसफुस येणारच, तिने दचकायचं कारण नाही.

मित्राच्या गाडीत अर्ध्या बारपर्यंत काहीच दिसलं नाही. ०.८ च्या पुढे इंटरकूलरच्या खालच्या होजजवळून फुरफुर आवाज सुरू झाला. क्लॅम्प काढला तर पट्टीच्या बरोबर खाली, बोटभर लांब चीर. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले, दाब आला की दीड-दोन मिलिमीटर उघडायचे. वरून बघून ती सापडणं शक्यच नव्हतं. होज बदलल्यावर त्याच बूस्टला मॅफचा सर्वोच्च आकडा २३० च्या आत आला. टर्बोलाही आता फुकटची हवा दाबावी लागत नव्हती.

गळती कुठे आहे यावर लक्षण उलटतं, हे लक्षात असू द्या. टर्बोनंतर गळती असेल तर मोजलेली हवा वाया जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. मॅफ आणि टर्बोच्या मधल्या नळीला भोक असेल तर न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन होतं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर अडकलेला दाब मोकळा करणारा) बाहेर हवा सोडणारा असेल तर पेडल सोडल्यावर मोजलेली हवा बाहेर जाऊन गाडी क्षणभर रिच होते, गिअर बदलताना गुदमरते. तो दोष नाही, मॅफवाल्या गाडीला त्या व्हॉल्व्हची नळी परत इनलेटला जोडायची असते एवढंच.

वायरिंग

मल्टीमीटर काढा. इंजिन चालू असताना सेन्सरची अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ते शून्याच्या अगदी जवळ हवं. अर्थिंग खराब झाली की सिग्नल उगाच वर उचलला जातो. वरच्या टोकाला ०.१ व्होल्टची चूक म्हणजे, आपल्या आधीच्या हिशोबातल्या सेन्सरवर, जवळपास २५ ग्रॅमची चूक. खालच्या टोकाला तीच चूक दीड ग्रॅमची असते, म्हणून रोजच्या चालवण्यात ती जाणवत नाही. कनेक्टरच्या पिनाही बघून घ्या.

इंधन

फ्यूएल प्रेशरचा गेज लावल्याशिवाय लीनचा निकाल सेन्सरवर ढकलू नका. मॅनिफोल्डच्या दाबाशी जोडलेला रेग्युलेटर असेल आणि मूळ दाब ३ बार असेल, तर १.५ बार बूस्टला फ्यूएल रेलवर (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीवर) ४.५ बार दिसायला हवेत. वर जाताना गेज मागे पडायला लागला तर पंप, फिल्टर किंवा पंपाची वायरिंग थकलीय. इंजेक्टरचं गणितही सोपं आहे: ६५०० ला इंजिनाचं एक पूर्ण चक्र १८.५ मिलिसेकंदांचं असतं. इंजेक्टर १६.५ मिलिसेकंद उघडा असेल तर ड्यूटी ९० टक्क्यांच्या आसपास गेला, आता त्याच्याकडे देण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हे गणित लागू होत नाही, तिथे इंधन टाकायला मिळणारा वेळ फार कमी असतो आणि हाय-प्रेशर पंपाचा दाब लॉगमधूनच बघावा लागतो.

आता खरंच सेन्सर संपलाय असं ठरलं तर

आधी ईसीयूचं टेबल बघून घ्या. कधी कधी सेन्सर ४.७ व्होल्टला पुढचं सांगतोय पण टेबलाच्या शेवटच्या दोन-तीन रकान्यांत एकच आकडा भरलेला असतो. कधी ईसीयूच त्याहून मोठा आकडा धरू शकत नाही. जीएमच्या जुन्या व्ही८ ईसीयूंमध्ये ही हद्द ५१२ ग्रॅमची होती, आणि टर्बो लावलेली मोठी इंजिनं तिथे जाऊन आपटायची. हे सॉफ्टवेअरचं काम आहे, सेन्सर बदलून सुटत नाही.

सेन्सरचीच हद्द असेल तर सरळ उपाय म्हणजे मोठ्या क्षमतेचा सेन्सर, त्याच्या स्वतःच्या कॅलिब्रेशनसह. निसानच्या टर्बो इंजिनांवर ३००झेडएक्सचा झेड३२ मॅफ लावायची पद्धत जुनी आहे. दुसरा मार्ग म्हणजे तोच सेन्सर मोठ्या नळीत बसवायचा. ७० मिलिमीटरची नळी ८० ची केली की क्षेत्रफळ १.३१ पट होतं, म्हणजे २६० ला संपणारा सेन्सर ढोबळमानाने ३४० पर्यंत जातो. टेबलातले आकडेही १.३१ ने गुणायचे, पण फक्त सुरुवातीपुरते. नवी नळी, नवी वळणं, सगळा आलेख ट्रिम आणि वाइडबँड बघून पुन्हा बसवावा लागतो. किंमत मोजावी लागते ती खाली: आयडलला हवेचा वेग कमी पडतो आणि सिग्नल डगमगतो. म्हणून गरजेपुरतंच मोठं करा. ४०० ग्रॅमचं इंजिन नसताना १०० मिलिमीटरची नळी लावणाऱ्यांची गाडी सिग्नलला बंद पडताना पाहिलीय.

सिग्नलचं व्होल्टेज खाली ओढणारी छोटी डबी मिळते, ती लावू नका. तिने मॅफ छताला टेकायचा थांबतो, कोडही जातो. पण ईसीयूला लोड कमी दिसतं आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ज्या संकटासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच आपण पैसे देऊन घरी आणतो.

मॅफ काढून दाब आणि तापमानावरून हवा मोजायची, म्हणजे स्पीड डेन्सिटी, हाही मार्ग आहे. पण दाबाच्या सेन्सरलाही छत असतंच. २.५ बारचा सेन्सर समुद्रसपाटीला दीड बार बूस्टला संपतो. शिवाय कॅम बदलला, एक्झॉस्ट बदलला की भरणाचं (इंजिन किती टक्के भरतं त्याचं) टेबल पुन्हा बनवायचं. मॅफ हे बदल आपोआप पकडतो, म्हणून शक्य तिथे मी त्याला सोडत नाही.

कुठे थांबायचं

फिल्टर, प्लग, होज, क्लॅम्प, अर्थिंग, लॉग: इथपर्यंत घरी करा. टेबलातला आकडा बदलायची वेळ आली आणि टायमिंगचं टेबल लोडशी कसं बांधलेलं असतं हे तुम्हाला नीट उमगत नसेल, तर तिथे थांबून डायनो असलेल्या ट्यूनरकडे जा. प्रेशराइज्ड फ्यूएल लाइन उघडायचा सराव नसेल तर इंधनाच्या तपासणीलाही मेकॅनिकच गाठा. लोडखाली खडखड ऐकू आली, नॉक रिटार्ड एकाच सिलिंडरवर वारंवार दिसला, ऑइलच्या टोपणातून धूर येतोय किंवा निळा धूर सुरू झालाय, तर पुढचा लॉग घेऊ नका. आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का, कुठून गळतो, ते बघणाऱ्या).

ट्यूनरकडे जाताना लॉगची फाइल, सेन्सरचा पार्ट नंबर, नळीचा आतला व्यास, इंजेक्टरचा साइझ आणि फ्यूएल प्रेशरचा आकडा लिहून न्या. बूस्ट मूळ सेटिंगवर उतरवून गाडी न्या. खडखड ऐकलेली असेल तर टो करून न्या, चालवू नका.